मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील मुक्ती, अंतःकरण आणि देहापलीकडील जीवन

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आपल्याकडे बहुधा दोन ठराविक भूमिकांवरून होत आलेला आहे. पहिली भूमिका अशी की, हे वाङ्मय मुख्यतः धर्मप्रसाराचे साधन होय. त्यामुळे त्याची दखल भाषेच्या अभ्यासकाने आणि मुद्रणाच्या इतिहासकाराने घ्यावी, साहित्यसमीक्षकाने घेण्याचे कारण नाही. दुसरी भूमिका अधिक उदार आहे. तिच्या मते हे वाङ्मय म्हणजे आपल्या संतपरंपरेचाच एक फाटा आहे. विठ्ठलाच्या जागी ख्रिस्त आला, एवढाच काय तो फरक. पहिल्या भूमिकेत उपेक्षा आहे, दुसरीत आपुलकी आहे. परंतु दोहोंचा परिणाम एकच होतो, आणि तो म्हणजे प्रत्यक्ष संहितेकडे कोणी लक्ष देत नाही. पहिला पक्ष ती वाचण्यापूर्वीच बाजूला ठेवतो. दुसरा पक्ष ती वाचण्यापूर्वीच ओळखीची मानतो.

प्रस्तुत लेखात या वाङ्मयातील तीन कल्पना निवडून त्यांचा मागोवा घ्यावयाचा आहे. मुक्ती किंवा स्वातंत्र्य ही पहिली, अंतःकरणपूर्वक केलेली कृती ही दुसरी, आणि देहापलीकडील जीवन ही तिसरी. ही निवड सहेतुक आहे. या तिन्ही कल्पनांसाठी मराठीत शब्दांची वाण नव्हती. उलट ती समृद्धीच अडचणीची होती. ज्या भाषेत एखाद्या कल्पनेसाठी शब्दच नाही, तेथे नवा शब्द घडविता येतो. पण जेथे मोक्ष, मुक्ती, निष्काम कर्म, वैकुंठ, विदेहावस्था असे शतकानुशतके घासून गुळगुळीत झालेले शब्द हाताशी आहेत, तेथे नव्या विचाराला जुन्या शब्दाशी झगडावे लागते. हा झगडा जेथे झाला, तेथे मराठी ख्रिस्ती वाङ्मय सामर्थ्यवान झाले आहे. जेथे तो टाळला गेला, तेथे ते अनुकरणाच्या पातळीवर राहिले आहे. हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य होय.

विवेचनासाठी तीन ग्रंथकार समोर ठेवले आहेत : फादर थॉमस स्टीफन्स, पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक. टिळकांच्या अनुषंगाने लक्ष्मीबाईंचा विचारही अपरिहार्यपणे येईल, आणि तो केवळ अनुषंगाने राहणार नाही, हे आरंभीच सांगून ठेवणे बरे.

२

मूळ कल्पना काय आहेत, हे प्रथम थोडक्यात पाहू. नव्या करारात स्वातंत्र्याचा सर्वांत स्पष्ट विचार संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. तेथे स्वातंत्र्य म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका नव्हे. नियमशास्त्राचे जोखड मानेवर घेऊन पुण्य साठविण्याच्या धडपडीतून सुटका, असा तेथील अर्थ आहे. आणि या सुटकेचा उपयोग प्रेमाने एकमेकांचे दास होण्यासाठी करावयाचा आहे. सुटलेला मनुष्य पुन्हा दास होतो, पण या वेळी स्वेच्छेने, हा त्यातील विरोधाभास होय. आपल्या मोक्षकल्पनेत मुक्त पुरुष बंधनाबाहेर जातो. येथे मुक्त मनुष्य शेजाऱ्याच्या बंधनात येतो.

मराठीत या कल्पनेसाठी रूढ झालेले शब्द मोठे बोलके आहेत. विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूर येथील छापखान्यातून १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत बाहेर पडले, तेव्हापासून मराठी बायबलची परिभाषा हळूहळू स्थिर होत गेली. त्या परिभाषेत ‘तारण’ हा मध्यवर्ती शब्द ठरला. तारणे म्हणजे बुडत्याला पैलतीरी नेणे. भवसागराचे रूपक त्यात आपोआप येते. परंतु व्यवहारातल्या मराठीत तारण म्हणजे कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू. ख्रिस्ताने स्वतःला मनुष्यमात्राच्या ऋणासाठी दिले, हा ख्रिस्ती सिद्धांत ज्याला ठाऊक आहे, त्याला एकाच शब्दात सागर आणि सावकार अशी दोन्ही रूपके भेटतात. त्याचप्रमाणे दास सोडविण्यासाठी द्यावयाच्या मोलाला ‘खंडणी’ हा शब्द योजला गेला. मराठ्यांच्या इतिहासात खंडणी बलवानाने दुर्बळाकडून वसूल करावयाची असते; शुभवर्तमानात बलवान स्वतःच ती दुर्बळासाठी भरतो. शब्द जुना असला तरी त्याची दिशा उलटली आहे. अशा उलटलेल्या शब्दांतच या वाङ्मयाचे मर्म शोधावे लागते.

३

फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यापुढील आवृत्त्या १६४९ व १६५४ साली निघाल्या. परंतु या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथून संपादित आवृत्ती काढली, आणि शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ साली पुण्याहून निघाली. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ ‘पैले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ अशा दोन भागांत विभागलेला आहे. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्माच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा येते. दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र, मरण, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण येते.

या ग्रंथाची भाषा, त्यातील मराठीची प्रशस्ती आणि ओवीवरील प्रभुत्व यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याची पुनरुक्ती येथे करण्याचे कारण नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट ग्रंथाच्या प्रयोजनाविषयीची आहे. साष्टीतील नवख्रिस्ती लोकांना आपली जुनी पुराणे वाचावयास मिळत नव्हती, म्हणून त्यांच्या जागी ऐकावयास काही द्यावे, ही ग्रंथाची भूमिका कवीने ग्रंथातच मांडली आहे. ही भूमिका वाचताना त्या काळचे गोवे विसरून चालणार नाही. गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना १५६० साली झाली. देवळे पाडली गेली. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर गावकऱ्यांवर सूड उगविला गेला. अशा भूमीत मुक्तीची कथा सांगितली जात होती. श्रोत्यांची जुनी पुराणे त्यांनी स्वेच्छेने टाकलेली नव्हती, तर ती त्यांच्यापासून हिरावली गेली होती. तेव्हा या ग्रंथात पापापासूनच्या मुक्तीचे जे मनोहर वर्णन आहे, त्याच्या मागे श्रोत्याच्या धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न अनुत्तरित राहिलेला आहे. स्टीफन्स यांच्या सहृदयतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. लोकांच्या भाषेत, लोकांच्या छंदात लिहिणे हीच त्या काळी मोठी सहृदयता होती. परंतु समीक्षकाने दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. ग्रंथाचे सौंदर्य त्याच्या परिस्थितीला झाकीत नाही, आणि परिस्थितीमुळे सौंदर्य खोटे ठरत नाही.

दुसरी गोष्ट शब्दयोजनेची. स्वर्गासाठी स्टीफन्स यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोचपणे वापरला आहे. यात त्यांनी फार मोठे धाडस केले. वैकुंठ म्हटल्याबरोबर मराठी श्रोत्याच्या मनात विष्णूचे स्थान उभे राहणार, हे त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. तरीही त्यांनी तो स्वीकारला, कारण त्या शब्दात श्रोत्याची ओढ साठलेली होती. आता प्रश्न असा की, हा शब्द ख्रिस्ती अर्थ पेलतो का? पुनरुत्थानाच्या प्रसंगापर्यंत तो पेलत नाही. पुनरुत्थानानंतर मात्र पेलतो. कारण त्या प्रसंगी ख्रिस्त आपल्या जखमांसह उठतो. ज्या वैकुंठात तो जातो, तेथे देह टाकून जावयाचे नसते, देहाच्या खुणा घेऊन जावयाचे असते. कथेने शब्दाला नवा अर्थ दिला. व्याख्येने दिला नाही. पुराण हा प्रकार स्टीफन्स यांनी निवडला, त्याचे हे खरे समर्थन होय. प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाच्या पुस्तकाला हे साधले नसते.

लंडन येथील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित या संदर्भात लक्षणीय आहे. साल्ढाणा आवृत्तीत आढळणाऱ्या अनेक पोर्तुगीज धार्मिक संज्ञांच्या जागी त्यात संस्कृतोद्भव शब्द येतात. मूळ पाठ कोणता, या वादात येथे न शिरताही एवढे म्हणता येईल की, ख्रिस्ती कल्पनेसाठी परका शब्द राखावा की ओळखीचा शब्द योजून धोका पत्करावा, हा प्रश्न या वाङ्मयाच्या जन्मापासूनच त्याच्या सोबत आहे.

४

हाच प्रश्न पंडिता रमाबाईंनी अगदी निराळ्या रीतीने सोडविला. रमाबाईंचा ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ १८८२ साली, म्हणजे त्यांच्या धर्मांतरापूर्वी प्रसिद्ध झाला. त्यात स्त्रीने विद्या मिळवावी, स्वावलंबी व्हावे, असा आग्रह आहे. पुढे २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नेहमी असे समजले जाते की, येथे त्यांचा शोध संपला. वास्तविक येथूनच त्यांच्या स्वातंत्र्यविचाराची खरी कसोटी सुरू झाली.

वाँटेज येथील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी आणि इतर अँग्लिकन मंडळींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो संकलित स्वरूपात १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. या पत्रांत रमाबाई ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयी आणि त्रैक्याच्या सिद्धांताविषयी शंका विचारतात, आणि चर्चच्या अधिकाराला शरण जाण्यास नकार देतात. महत्प्रयासाने एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून आपण सुटलो. आता तशाच दुसऱ्या जोखडाखाली मान देण्याची आपली इच्छा नाही, असा त्यांचा आशय आहे. ईश्वराची आज्ञा आणि ईश्वराच्या नावाने बोलणाऱ्या माणसांची आज्ञा यांत त्या काटेकोर भेद करतात. जोखडाचे रूपक गलतीकरांस पत्रात आहे तेच आहे. म्हणजे ज्यांनी त्यांना ते पत्र वाचावयास शिकविले, त्यांच्याच विरुद्ध रमाबाईंनी त्याचा उपयोग केला. हे औद्धत्य नव्हते. ते उत्तम वाचन होते.

याची दुसरी बाजू भारतात आल्यावर दिसून आली. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे ते पुण्यास हलविले. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या आक्षेपावरून १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. या वादात दोन्ही पक्षांजवळ विचार करण्याजोगे काही होते. पालकांनी विश्वासाने पाठविलेल्या मुलींच्या संस्थेत धर्मनिरपेक्षतेचे वचन कितपत पाळले गेले, हा आक्षेप क्षुल्लक नव्हता; आणि मुलीने आपण होऊन प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडले तर ते बंद करण्याचा अधिकार कोणाचा, हा रमाबाईंचा प्रश्नही क्षुल्लक नव्हता. स्वातंत्र्य हे तत्त्व म्हणून मांडणे सोपे असते. ते दुसऱ्याच्या हाती देताना त्याची किंमत कळते. पुढे केडगावी त्यांनी जी वसाहत उभारली, तिला ‘मुक्ति’ हे नाव दिले. दुष्काळात सापडलेल्या शेकडो स्त्रिया आणि मुली तेथे आल्या. त्यांच्या दृष्टीने मुक्ती म्हणजे अन्न, छप्पर, अक्षरओळख आणि हाताला काम. मोक्ष हा शब्द ज्यांच्या वाट्याला परंपरेने फारसा आलाच नव्हता, त्यांच्यासाठी त्याचा सख्खा भाऊ असलेला शब्द एका फाटकावर लिहिला गेला.

भाषेच्या बाबतीत रमाबाई स्टीफन्स यांच्या नेमक्या उलट टोकाला आहेत. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद केला. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, संपूर्ण प्रसिद्ध झाला. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द आपल्याबरोबर जुन्या कल्पना घेऊन येतात, म्हणून ते शक्य तो टाळावेत, अशी त्यांची दृष्टी होती. ज्या विदुषीला संस्कृतज्ञांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिली, तिने संस्कृत शब्द गाळण्यासाठी आपले संस्कृत खर्ची घालावे, ही घटना आपल्या वाङ्मयेतिहासात एकमेव म्हणावी लागेल. या अनुवादाला लालित्य नाही, आणि ते आणण्याचा हेतूही नव्हता. परंतु पुनर्जन्माची कल्पना ज्यांच्या हाडीमाशी मुरली आहे, त्यांना नव्या जन्माचा उपदेश करावयाचा असेल, तर शब्दांची ही पारख आवश्यकच होती. योहानाच्या शुभवर्तमानातील निकदेमाची शंका मराठी वाचकाच्या बाबतीत दुप्पट अवघड होते. त्या वृद्ध पंडिताला पुन्हा जन्मणे अशक्य वाटले; आपल्याकडील वाचकाला ते अटळ वाटते, आणि त्यातूनच तर त्याला सुटावयाचे असते!

५

आता टिळकांकडे वळू. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालचा. राजनांदगावला जात असताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, आणि वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी थांबले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ते नेमके त्याच ठिकाणी का थांबले, याचा विचार फारसा झालेला नाही.

डोंगरावरील प्रवचनात कृतीचे मोल अंतःकरणात ठरते. हात उगारण्याआधी मनात उगवलेला राग तेथे हत्येच्या पंक्तीला बसतो. दान करताना उजव्या हाताचे डाव्याला कळू नये अशी अपेक्षा असते. शत्रूवर प्रेम करावयाचे असते. यातील काही मराठी मनाला नवे नव्हते. रंजल्यागांजलेल्यांना आपले म्हणणाऱ्यातच साधू ओळखावा, ही तुकोबांची शिकवण टिळकांच्या रक्तात होती. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. मग नवे काय होते?

ते समजण्यासाठी त्यांचे समकालीन व आडनावबंधू लोकमान्य टिळक यांच्या ‘गीतारहस्या’ची आठवण उपयोगी पडेल. तो ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. दोघेही टिळक कर्माचे कैवारी, दोघेही निष्क्रिय वैराग्याचे विरोधक. परंतु लोकमान्यांच्या कर्मयोग्याने फलाची आसक्ती सोडून लोकसंग्रहासाठी कर्म करावयाचे आहे. त्याची बुद्धी सम आहे. रेव्हरंड टिळकांच्या भक्ताने कर्म करावयाचे आहे ते बुद्धी सम आहे म्हणून नव्हे, तर अंतःकरण विव्हळ झाले आहे म्हणून. एकाची कसोटी अलिप्तता, दुसऱ्याची कसोटी गुंतणे. दोन्ही आदर्श थोर आहेत. परंतु ते एकच आहेत असे मानणे म्हणजे दोघांवरही अन्याय करणे होय.

कवितेच्या कसोटीवर हा आदर्श कितपत उतरतो? येथे निर्णय संमिश्र द्यावा लागतो. ‘केवढे हे क्रौर्य!’ या त्यांच्या सुप्रसिद्ध कवितेत ख्रिस्ताचे नावही नाही. पारध्याच्या बाणाने घायाळ झालेली पक्षिणी मरतामरता आपल्या पिलांपाशी पोचते, एवढाच तिचा विषय. परंतु देहाची शक्ती सरत असता प्रेमाची कृती पुरी होते, हे दृश्य वाचकाच्या मनावर असे ठसते की, कोणत्याही उपदेशाची गरज राहत नाही. याउलट ‘अभंगांजली’तील काही रचनांमध्ये प्रेम, सेवा, समर्पण हे शब्द वारंवार येतात, पण त्यांच्या मागे प्रसंग नसतो. अशा ठिकाणी अभंगाची चाल जुनी, आर्तता जुनी आणि केवळ नाम नवे, असा अनुभव येतो. आणि तेव्हा ‘विठ्ठलाच्या जागी ख्रिस्त’ म्हणणाऱ्या समीक्षकांचा आक्षेप मान्य करावा लागतो. जेथे टिळक ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणतात, तेथे मात्र निराळे घडते. आईचे वात्सल्य आणि वधस्तंभावरची वेदना या दोन प्रतिमा एकत्र आल्यामुळे माउली या शब्दातील निव्वळ सुखकर भाग गळून पडतो. ही माउली लेकरासाठी मरते.

अंतःकरणपूर्वक कृतीचे खरे चित्र मात्र टिळकांच्या काव्यापेक्षा लक्ष्मीबाईंच्या गद्यात आहे, असे माझे मत आहे. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. टिळकांच्या उदारपणामुळे संसाराची कशी त्रेधा उडे, हे लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. दान देणाऱ्याच्या डाव्या हाताला कळत नसेल. घर चालविणारीला ते कळल्यावाचून राहत नाही. या हास्यामुळे आदर्शाची थट्टा होत नाही, उलट तो विश्वसनीय होतो. टिळकांच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या. परत आल्यावरही सोवळेओवळे पाळीत राहिल्या. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी कोणाच्या प्रवचनातून उचलला नाही. तो त्यांच्या मनात उगवला, आणि माणसाने केला असे उत्तर मिळताच त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. प्रथम अंतःकरण, मग कृती, आणि शेवटी विधी, असा हा क्रम आहे. रमाबाईंनीही आपल्या साक्षीत असेच सांगितले आहे की, आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी सापडला, ख्रिस्त नंतर. त्यांच्या बाबतीत विधी आधी आणि अंतःकरण मागाहून आले. दोन स्त्रियांचे हे दोन उलटे क्रम शेजारी ठेवून वाचले म्हणजे धर्मांतर ही एका दिवसाची घटना नाही, हे सहज ध्यानात येते.

६

देहापलीकडील जीवन ही तिसरी आणि सर्वांत कठीण कल्पना. ख्रिस्ती सिद्धांत आत्म्याच्या केवळ अमरत्वाचा नाही. तो देहाच्या पुनरुत्थानाचा आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल बीजाचा दृष्टान्त देतो : पेरले जाते ते एक, उगवते ते त्याहून निराळे, तरीही ते त्याचेच. देह वस्त्राप्रमाणे टाकावयाचा नसून बीजाप्रमाणे पेरावयाचा आहे. गीतेतील जीर्ण वस्त्राचा दृष्टान्त आणि हा बीजाचा दृष्टान्त यांतील अंतर म्हणजेच दोन परंपरांमधील अंतर होय.

परंतु मराठी परंपरा या बाबतीत एकरंगी नाही, याची नोंद घेतली पाहिजे. एकीकडे विदेहावस्थेचे आकर्षण आहे, तर दुसरीकडे तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनाची श्रद्धा आहे. सामान्य वारकऱ्याच्या मनाने देहाला निरोप देण्यास कोठेतरी नकार दिलेला आहे. टिळकांनी पुलाची जी उपमा वापरली, तिचा विचार या दृष्टीनेही व्हावयास हवा.

टिळकांच्या एका प्रसिद्ध अभंगात भक्त व ख्रिस्त यांच्या नात्यासाठी वाद्य आणि वादक, विचार आणि शब्द, फूल आणि गंध अशा जोड्यांची माळ आली आहे. ही रीत त्यांनी कोठून घेतली, हे सांगावयास नको. ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’च्या आरंभी शिवशक्तीच्या वर्णनात असेच दृष्टान्त एकामागून एक येतात. पण ज्ञानदेवांचे दृष्टान्त दोन भासतात ते एकच आहे, या निष्कर्षाकडे जातात. टिळकांच्या जोड्यांत दोघेही शेवटपर्यंत उरतात. वाद्याखेरीज वादक मुका आणि वादकाखेरीज वाद्य मुके. अद्वैताची भाषा वापरून त्यांनी प्रेमाला आवश्यक असलेले द्वैत राखले. येथे जुन्या साधनाशी खरा झगडा आहे, म्हणून हा अभंग जिवंत आहे. जे समीक्षक त्यांना वेदान्ती ठरवितात त्यांनी, आणि जे त्यांच्या ख्रिस्ती निष्ठेविषयी साशंक असतात त्यांनीही, या जोड्या पुन्हा एकदा सावकाश वाचाव्यात.

तरीही एक उणीव मान्य केली पाहिजे. मृत्यूनंतरच्या मीलनाविषयी लिहिताना टिळक बहुधा सागर, प्रकाश, विलय या प्रतिमांकडे वळतात. बीजाची प्रतिमा त्यांच्या हातून हवी तेवढी फुलत नाही. पुनरुत्थित देहाचे जे ठसठशीत दर्शन स्टीफन्स यांच्या पुराणकथेत घडते, ते भावगीताच्या लहान आवाक्यात टिळकांना घडविता आले नाही. ‘ख्रिस्तायना’त ते कदाचित घडले असते. त्या महाकाव्याची आरंभीची सुमारे दहा प्रकरणे लिहून ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. पुढील बहुतांश प्रकरणे लक्ष्मीबाईंनी लिहिली, आणि त्याही १९३६ साली गेल्यावर देवदत्त टिळकांनी समारोप केला. १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाचा व पुनरुत्थानाचा भाग ज्या कवीने योजिला त्याच्या हातून उतरलाच नाही. तो उतरविला शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्याच्या पत्नीने, त्याच्या पश्चात. काव्यगुणांच्या तराजूत हा उत्तरभाग कमी भरेल. परंतु एकाचे अपुरे कार्य दुसऱ्याने प्रेमाने पुढे नेणे, याचाही या विषयाशी संबंध आहेच.

७

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ असावा, असा तिचा हेतू होता. ती फार टिकली नाही. दोन वर्षांच्या आतच टिळक गेले. तथापि तिच्यात आपल्या तिन्ही कल्पना एकत्र आलेल्या दिसतात. परक्या संस्थेच्या अधिकारापासून स्वातंत्र्य, विधीपेक्षा अंतःकरणाला प्राधान्य, आणि मंडळीची दृश्य चौकट ओलांडून जाणारे जीवन.

येथवरच्या विवेचनातून जो निष्कर्ष निघतो तो असा. स्टीफन्स यांनी जुना शब्द घेऊन कथेच्या बळावर त्याचा अर्थ पालटला. रमाबाईंनी जुना शब्द नाकारला, आणि एक मात्र निवडून कृतीने त्याचा अर्थ पालटला. टिळकांनी जुना शब्द प्रेमाने जवळ केला. जेथे त्याला विरोध केला तेथे ते मोठे कवी ठरले, जेथे त्याच्या आहारी गेले तेथे अनुकरण पदरी आले. लक्ष्मीबाईंनी शब्दांचा प्रश्नच उपस्थित केला नाही. त्यांनी घडले ते सांगितले.

यावर असा आक्षेप येईल की, वाङ्मयीन मूल्यमापनात धर्मसिद्धांताचा संबंध काय? उत्तर असे की, भक्तिकाव्यात सिद्धांत प्रतिमेच्या बाहेर नसतो. फूल आणि गंध म्हणावे की मीठ आणि पाणी, हा निर्णय एकाच वेळी काव्याचाही असतो आणि श्रद्धेचाही. तो निर्णय ज्याला दिसत नाही, त्याने ती कविता अर्धीच वाचली. ज्ञानदेव-तुकाराम वाचताना ही दक्षता आपण बाळगतो. मराठी ख्रिस्ती ग्रंथकारांना ती नाकारण्याचे कोणतेही वाङ्मयीन कारण नाही. ते आपल्याच भाषेत लिहीत होते, आणि त्यांनी आपल्या भाषेकडून जे मागितले ते अवघड होते. भाषेने ते कोठे दिले आणि कोठे दिले नाही, याचा हिशेब मांडणे हे आपले काम आहे. आणि ते शब्दाशब्दाने, संहिता समोर ठेवूनच करावे लागेल.